दोष कोणाचा?

ज्या गोष्टींचा चारचौघांत उच्चारही करू नये असे आमच्या पिढीला लहानपणापासून शिकविले गेले, त्यांतीलच एक गोष्ट आज आम्ही लिहावयास बसलो आहोत. देवळाच्या सभामंडपात ओळखीच्या माणसांपुढे जे बोलणे अवघड, ते छापावयास देणे त्याहूनही अवघड. तथापि मुलाने आणि सूनबाईने आपण होऊन संमती दिली, किंबहुना सूनबाईने आग्रहच धरला, म्हणून हा प्रपंच. ह्या लेखात 'आम्ही' म्हणजे आम्ही उभयता पतिपत्नी असे वाचकांनी समजावे. चूक दोघांची होती, तेव्हा कबुलीही दोघांचीच असली पाहिजे.

आमचे घर अंत्रुज महालात, कुलदैवत श्रीशांतादुर्गा. मुलाचे लग्न २०१२ साली झाले. सून बेळगावची, शिकलेली, बोलण्यात मृदू. पहिली दोन वर्षे हसतखेळत गेली. तिसऱ्या वर्षी जात्रेला आलेल्या बायका तिच्या पोटाकडे पाहून विचारू लागल्या, "कितें गो, अजून कांय ना?" ती हसून वेळ मारून नेई. पाचव्या वर्षी ती हसेनाशी झाली आणि जात्रेच्या दिवसांत माहेरी जाण्याचे निमित्त शोधू लागली.

ह्या काळात आम्ही काय केले? देवीची ओटी भरली, गाऱ्हाणे घातले, कौल घेतला. ह्यात गैर काही नव्हते, आणि आजही आम्ही ते करतो. परंतु प्रत्येक गाऱ्हाण्यात आम्ही "सुनेची कूस उजव" असेच म्हणत गेलो. देवीने कोणत्याही कौलात सूनबाईचा दोष सांगितला नव्हता. तो आम्ही आमच्या पदरचा जोडला होता. औषधोपचारही तिचेच झाले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी औषध सोडून एक्स-रे काढला, पुढे पोटात दुर्बीण घालूनही पाहिले. प्रत्येक वेळी उत्तर एकच आले की, दोष काही दिसत नाही.

२०१५ साली एका डॉक्टरीणबाईंनी मुलासाठीही एक चिठ्ठी लिहून दिली होती. वीर्याची तपासणी करून आणा, एवढाच मजकूर. ती चिठ्ठी आम्ही घरी आणली आणि देवघराशेजारच्या फडताळात पंचांगाखाली ठेवून दिली. "आमच्या घराण्यात तसले काही नाही," असे आम्ही एकमेकांस म्हणालो. मुलानेही ती मागितली नाही. साधी, स्वस्त, अंगाला सुईसुद्धा न टोचणारी ती तपासणी चार वर्षे पंचांगाखाली पडून राहिली, आणि त्या चार वर्षांत सूनबाईला मात्र दोनदा भूल द्यावी लागली.

२०१९ च्या चतुर्थीला विहीणबाई आमच्याकडे आल्या होत्या. आरती आटोपल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून त्या संकोचाने म्हणाल्या, "रागावू नका, पण एक विचारते. जावईबापूंना कधी दाखवलंय का?" मुलीची आई असल्यामुळे सात वर्षे त्यांनी हा प्रश्न गिळला होता. आम्ही काही उत्तर देण्याआधीच बाहेरून मुलगा म्हणाला, "दाखवू या, आई. मी येतो." पंधरा दिवसांनी आम्ही सारेच बेळगावास गेलो.

तपासणीत शुक्राणूंची संख्या पुरेशी निघाली. परंतु त्यांतले पुष्कळसे एकमेकांस चिकटलेले दिसले, कोठे डोक्याला डोके, कोठे शेपटीला शेपटी. म्हणून डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करविली. तीत वीर्याच्या थेंबात अत्यंत सूक्ष्म मणी मिसळतात. शुक्राणूंच्या अंगावर प्रतिपिंडे, म्हणजे आपण ज्यांना अँटीबॉडी म्हणतो ती, बसलेली असली तर हे मणी त्यांना जाऊन चिकटतात आणि पोहणारा शुक्राणू मणी ओढीत जाताना सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० सालच्या मार्गदर्शिकेप्रमाणे शंभरातील पन्नास किंवा अधिक हालते शुक्राणू असे मणी ओढताना दिसले तर ती बाब महत्त्वाची मानावी. आमच्या मुलाच्या बाबतीत तो आकडा ८८ होता.

डॉक्टर मोठे शांत गृहस्थ. कागदावर चित्रे काढीत त्यांनी जे समजाविले, ते आम्हांस जसे कळले तसे येथे सांगतो.

शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक सेना असते. आपले कोण आणि परके कोण हे ती जन्माआधीपासून आणि बालपणात शिकते. आमच्या देवस्थानांत महाजनांची यादी असते, तशी जणू तिचीही एक यादी तयार होते. परंतु पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार होऊ लागतात ते बाराव्या-तेराव्या वर्षानंतर, म्हणजे ती यादी पुरी होऊन वर्षे लोटल्यावर. शुक्राणूंच्या अंगावरील कित्येक द्रव्ये त्या सेनेने पूर्वी कधी पाहिलेलीच नसतात. म्हणून शरीर त्यांना तिच्या नजरेआड ठेवते. वृषणातील सूक्ष्म नळ्यांच्या भिंतीत काही आधारपेशी असतात. एन्रिको सर्टोली ह्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना सर्टोली पेशी म्हणतात. वयात येण्याच्या सुमारास ह्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून रक्त आणि शुक्राणू ह्यांच्यामध्ये एक बांध घालतात. हा बांध फुटला, किंवा शुक्राणूंच्या वाटेत अडथळा येऊन ते रक्ताच्या संपर्कात आले, की सेना त्यांना परके समजते आणि प्रतिपिंडे तयार करते. पुरुषांच्या नसबंदीनंतर निम्म्याहून अधिक जणांत अशी प्रतिपिंडे आढळतात. त्या भागाला झालेली इजा, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग हीही कारणे असू शकतात, आणि पुष्कळदा कारण काहीच सापडत नाही.

ही माहिती नवी नव्हे. शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होऊ शकतात हे १८९९ सालीच प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले होते. ते दाखविणाऱ्यांत कार्ल लँडस्टायनर होते, ज्यांना पुढे रक्तगटांच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आणि एली मेचनिकॉफही होते. मूल होत नसलेल्या पुरुषांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असल्याचे १९५४ साली हॉलंडमध्ये रूम्के ह्यांनी आणि अमेरिकेत विल्सन ह्यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. म्हणजे आमच्या लग्नाच्याही आधीपासून हे ज्ञान जगात होते. आमच्या घरात ते आले नाही, कारण आम्ही दार लावून बसलो होतो.

आता ही प्रतिपिंडे नेमकी काय बिघडवितात? कोट्यवधी शुक्राणू निघतात, त्यांतले काहीशेच गर्भनलिकेपर्यंत पोहोचतात. पहिली अडचण गर्भाशयाच्या मुखाशी येते. तेथे एक चिकट स्राव असतो. अंगावर प्रतिपिंडे असलेला शुक्राणू त्या स्रावात अडकतो. शेपटी हलते, पण तो पुढे सरकत नाही, जागच्या जागी थरथरत राहतो. प्रतिपिंडे शेपटीवर बसली तर चालण्याला अडथळा. डोक्यावर बसली तर पुढच्या कामाला. कारण स्त्रीबीजाभोवती एक पारदर्शक कवच असते. शुक्राणूने त्या कवचाला चिकटावयाचे, डोक्यावर टोपीसारखी जी पिशवी असते ती योग्य वेळी उघडावयाची आणि कवच भेदून आत जावयाचे. प्रतिपिंडांमुळे कधी तो कवचाला चिकटूच शकत नाही, तर कधी ती टोपी वेळेआधी उघडते किंवा मुळीच उघडत नाही.

आणि कवच ओलांडल्यावरही शेवटची पायरी राहतेच. शुक्राणूचे आवरण आणि स्त्रीबीजाचे आवरण एकमेकांत मिसळले पाहिजे. हे कसे घडते ह्याचा शोध प्रतिपिंडामुळेच लागला. जपानमधील संशोधकांजवळ एक प्रतिपिंड होते. ते उंदराच्या शुक्राणूवर बसले की शुक्राणू बीजाशी मिसळत नसे. ते प्रतिपिंड नेमके कशाला धरते हे शोधता शोधता २००५ साली त्यांना शुक्राणूवरील एक प्रथिन सापडले. ज्या उंदरांत ते प्रथिन नव्हते, त्यांचे शुक्राणू कवच भेदून आत जात, बीजाला टेकत, पण एकरूप होत नसत. त्या प्रथिनाला त्यांनी 'इझुमो' असे नाव दिले. इझुमो हे जपानमधील एक प्राचीन देवस्थान. विवाह जुळवून देणाऱ्या देवाचे ते स्थान म्हणून लोक तेथे जातात. पुढे २०१४ साली इंग्लंडमधील संशोधकांनी स्त्रीबीजावरील त्याचे जोडीचे प्रथिन शोधून काढले आणि त्याला 'जुनो' हे रोमन लोकांच्या विवाहदेवतेचे नाव दिले. प्रयोगशाळेतल्या माणसांनाही ह्या ठिकाणी देवळाची आठवण झाली, हे ऐकून आम्हांस त्या अवघड प्रसंगीही बरे वाटले.

चित्रे काढून झाल्यावर डॉक्टरांनी सहज विचारले, "लहानपणी ह्यांना त्या जागी काही मार लागला होता का? काही शस्त्रक्रिया?"

खोलीत कोणी बोलेना. मुलगा खाली पाहत होता. उत्तर देणे आमचे काम होते, आणि ते आम्ही बावीस वर्षे टाळत आलो होतो.

१९९७ साल, जात्रेची रात्र. घरात पाहुण्यांची दाटी, मुलगा तेरा वर्षांचा. मध्यरात्री तो उठून म्हणाला, "आई, पोटांत खूब दुखता." कोठे दुखते ते सांगावयास तो लाजत होता, आणि आम्हीही नीट विचारले नाही. वायू झाला असेल म्हणून ओवा दिला, शेक दिला. त्याला उलटी झाली. आम्ही म्हणालो, जात्रेतले खाजे बाधले. पहाटेपर्यंत तो कण्हत होता. पाहुण्यांचा चहा-फराळ आटोपून दहाच्या सुमारास आम्ही त्याला इस्पितळात नेले. शल्यचिकित्सकांनी पाहताक्षणी सांगितले की, वृषणाला पीळ पडून रक्त थांबले आहे. पहिल्या सहा तासांत आणले असते तर बहुधा वाचविता आले असते. एक वृषण काढावे लागले. दुसऱ्याला पुन्हा पीळ पडू नये म्हणून टाके घालून ते स्थिर केले.

एका वृषणानेही पुरुष बाप होऊ शकतो, असे त्यांनी आम्हांस तेव्हाच सांगितले होते आणि ते खरेच आहे. परंतु ह्या सत्याचा आम्ही पडद्यासारखा उपयोग केला. सोयरीक ठरविताना विहीणबाईंकडे ह्यातले अवाक्षरही बोललो नाही. २०१५ ची ती चिठ्ठी फडताळात गेली, तिचेही खरे कारण घराण्याचा अभिमान हे नव्हते. आम्हांस भीती वाटत होती.

डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले. ते म्हणाले, "त्या रात्रीमुळेच हे झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. असं होऊन गेलेल्या पुष्कळांना काही होत नाही, आणि काहीच न झालेल्यांतही प्रतिपिंडं सापडतात. मूल न होणाऱ्या पुरुषांत शंभरात पाच ते पंधरा जणांत ती दिसतात, आणि थोडी तर मुलं झालेल्या पुरुषांतही असतात. कधी ती बाईच्या शरीरातही तयार होतात. तेव्हा आता सुनेऐवजी मुलाला दोषी धरू नका, आणि स्वतःलाही धरू नका. त्यानं उपचार होत नाहीत."

परतीच्या वाटेवर चोर्ला घाटात गाडी थांबली असता आम्ही सूनबाईपुढे हात जोडले. तुझ्या आईवडिलांपासून आणि तुझ्यापासून आम्ही हे लपविले, असे आम्ही म्हणालो. ती थोडा वेळ दरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. ह्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं."

आम्ही थक्क झालो. "मग सात वर्षे बोलली का नाहीस?"

"ते सांगायचं माझं काम नव्हतं, आई. मला वाटायचं, तुम्ही कधीतरी आपण होऊन सांगाल."

सात वर्षे तिने जात्रेतल्या बायकांचे बोलणे ऐकले, दोनदा भूल घेतली, आमच्या गाऱ्हाण्यात आपल्या कुशीचा उद्धार ऐकत हात जोडून उभी राहिली, आणि नवऱ्याचे गुपित स्वतःच्या आईलाही सांगितले नाही. ह्यावर क्षमा मागावयास आमच्याजवळ शब्द नव्हते, आजही नाहीत. ती एवढेच म्हणाली, "माझी ही वर्षं आता परत येणार नाहीत, बाबा. दुसऱ्या कुणाची जाऊ नयेत, एवढं पाहा."

उपचारांविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्रतिपिंडे कमी व्हावीत म्हणून पूर्वी स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा देऊन पाहत. त्यांचे दुष्परिणाम बरेच, अगदी खुब्याचे हाड निकामी होण्यापर्यंत, म्हणून आता ती वाट बहुतेक सोडून दिली आहे. शुक्राणू धुऊन घेतले तरी घट्ट चिकटलेली प्रतिपिंडे सुटत नाहीत. प्रतिपिंडे कमी असतील तर शुक्राणू थेट गर्भाशयात सोडून काहींना यश येते. ती फार असतील तर 'इक्सी' ही पद्धत योजितात. ब्रुसेल्समधील डॉक्टरांनी १९९२ साली ती यशस्वी झाल्याचे जाहीर केले. तीत काचेच्या अतिसूक्ष्म सुईने एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजाच्या आत सोडतात. स्राव, कवच, आवरणांचे मिसळणे ह्या साऱ्या पायऱ्या त्यामुळे टळतात आणि प्रतिपिंडांचा अडथळा फारसा उरत नाही. शरीराबाहेर गर्भधारणा करविण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशी मुलगी जन्मास आली, ते वर्तमानपत्रांत वाचल्याचे आम्हांस आठवते. त्या बातमीशी कधी काळी आपल्या घराचा संबंध येईल असे मात्र तेव्हा वाटले नव्हते.

हा मार्ग खर्चाचा आहे, शरीराला त्रासाचा आहे, आणि त्याची खात्री कोणी देत नाही. त्रास पुन्हा बाईलाच अधिक, कारण इंजेक्शने तिलाच घ्यावी लागतात आणि स्त्रीबीजे तिच्याच पोटातून काढावी लागतात. दोष नवऱ्याच्या शुक्राणूंचा आणि सुया बायकोला, हे पाहून आमचा मुलगा फार खजील होई. पहिला प्रयत्न २०१९ च्या अखेरीस झाला आणि फसला. नंतर साथीचे दिवस आले. दुसरा प्रयत्न २०२१ साली झाला. २०२२ साली आम्हांस नात झाली.

ही गोड गोष्ट मुद्दामच थोडक्यात सांगितली. नात झाली म्हणून आमची चूक फिटली असे कोणी समजू नये. दुसराही प्रयत्न फसला असता तरी सूनबाई आमच्या क्षमायाचनेस तितकीच पात्र होती.

आमची शांतादुर्गा ही शिव आणि विष्णू ह्यांच्या युद्धात मध्ये उभी राहून दोघांस शांत करणारी, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यापुढे उभे राहून आम्ही सात वर्षे एकाच पक्षाविरुद्ध तक्रार मांडीत होतो, आणि दुसऱ्या पक्षाची चिठ्ठी घरी फडताळात होती.

वाचकांस दोनच विनंत्या आहेत. वाढत्या वयाच्या मुलाला अकस्मात ओटीपोटात किंवा त्याखाली तीव्र वेदना होऊ लागल्या, तर त्याची लाज बाजूस सारून नीट विचारा आणि सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा. तेथे तासांचा हिशेब असतो. आणि लग्नानंतर मूल होण्यास विलंब लागला, तर तपासणी दोघांची एकाच वेळी करवा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. आधी सुनेचे पोट उघडून मग मुलाची साधी तपासणी करणे, हा क्रम सर्वस्वी उलटा आहे.

हल्ली देवळात कोणी सुनेला घेऊन गाऱ्हाणे घालावयास आले की आम्ही थांबतो. गाऱ्हाणे पुरे होऊ देतो, ओटी भरू देतो. मग चौकात त्या सासूबाईंना बाजूला बोलावून विचारतो, "मुलाला दाखवलंत का?" बहुतेकींना राग येतो. एकदोघी मात्र गेल्या आठवड्यात डॉक्टरांचा पत्ता विचारावयास घरी आल्या होत्या. तो सूनबाईने लिहून दिला.